सूर्यत्राटक आणि अत्रिकुळाची सूर्योपासना



गेली दोन-तीन वर्षे आपल्या मंदिरात काकड आरतीनंतर प्रसाद घेता घेता एक विषय हमखास निघतो. उगवत्या सूर्याकडे टक लावून बघण्याची साधना करावी की करू नये? कोणी तिला सूर्यत्राटक म्हणतात, कोणी सूर्ययोग म्हणतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा कंबर तलावाकडे पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी पाहिले असेल, दोन-चार माणसे अनवाणी उभी असतात, हात जोडलेले आणि डोळे थेट सूर्यबिंबावर. त्यांतले काही आपल्याच पारायण मंडळातले आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर पोथ्या वाचतो, म्हणून असेल, पण हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. "सर, तुम्ही सांगा. हे शास्त्रात आहे का?" यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी काही लिहा असे कार्यकारी मंडळाने सांगितले, तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

आधी ही साधना आली कुठून ते पाहू. आज मोबाइलवर जी पद्धत फिरते ती बहुतांशी केरळातील कोझिकोडचे हिरा रतन माणेक (१९३७–२०२२) यांनी प्रसिद्ध केलेली आहे. सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात अनवाणी जमिनीवर उभे राहायचे, पहिल्या दिवशी दहा सेकंद सूर्याकडे पाहायचे, रोज दहा सेकंद वाढवत जायचे. असे करत साधारण नऊ महिन्यांत चव्वेचाळीस मिनिटांवर पोचायचे. मग मन शांत होते, रोग जातात, पुढे भूकही उरत नाही, असे सांगितले जाते. त्यांच्या स्वतःच्या उपवासांच्या चर्चेत मला पडायचे नाही. आपल्याला विचार करायचा आहे तो एवढाच, की आपल्या परंपरेत सूर्याकडे पाहणे म्हणजे काय, आणि हे ते आहे का.

दत्तभक्तांनी तर या प्रश्नाकडे फार बारकाईने पाहायला हवे. कारण आपले दैवत ज्या घरात जन्मले, त्या घराचे सूर्याशी जुने नाते आहे. वडिलांकडूनही आणि आईकडूनही.

वडिलांचे आधी. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात, म्हणजे अत्रिकुळाच्याच मंडलात, चाळिसाव्या सूक्तात एक कथा आहे. स्वर्भानू नावाच्या असुराने सूर्याला अंधाराने वेधले. सारी भुवने गोंधळून गेली, आपण कुठे आहोत हे न कळणाऱ्या वाटसरूसारखी. तेव्हा अत्रींनी सोमरस काढण्याचे दगड जोडून, देवांना नमस्कार करून, चौथ्या मंत्राने तो लपलेला सूर्य शोधून काढला आणि त्याचे नेत्र पुन्हा आकाशात स्थापन केले. दुसऱ्या कोणाला हे जमले नाही, असे सूक्ताच्या शेवटी स्पष्ट सांगितले आहे. सूर्यग्रहणाचे इतके जुने वर्णन जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. आता बघा, अत्रींनी सूर्य मिळवला तो मंत्राने आणि नमस्काराने. टक लावून नव्हे.

ग्रहणाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या अगदी शेजारून गेले होते. विजापुरात कॅप्टन हेग, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल आणि आंध्रात गुंटूरला जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते. सूर्याच्या प्रकाशाची पट्टी पाडून त्यांनी सूर्याभोवतीच्या ज्वाळा वायूच्या आहेत हे ओळखले. त्याच पट्टीतल्या एका पिवळ्या रेघेवरून पुढे हेलियम हा वायू कळला. पृथ्वीवर तो सापडायच्या आधी सूर्यावर सापडला! सूर्याच्या पोटातले गुपित कळले ते प्रकाश लोलकातून फोडून घेतल्यावर.

आता आईकडचे नाते. ही कथा मार्कंडेय पुराणात आहे आणि दत्तजन्माच्या कीर्तनात ती थोडी फार सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्यातला सूर्य आपल्या ध्यानात राहत नाही. प्रतिष्ठान नगरात कौशिक नावाचा एक कुष्ठरोगी ब्राह्मण राहत होता. (हे प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण असे आपण समजतो, कोणी प्रयागजवळचे म्हणतात.) त्याची पत्नी महापतिव्रता. नवऱ्याच्या हट्टापायी ती त्याला खांद्यावर घेऊन रात्री वेश्येच्या घरी निघाली. वाटेत अंधारात त्याचा पाय सुळावर दिलेल्या मांडव्य ऋषींना लागला. वेदनेने त्यांनी शाप दिला, ज्याने मला हा धक्का दिला तो सूर्योदयाबरोबर मरेल. ती बाई म्हणाली, तर मग सूर्य उगवणारच नाही. आणि खरेच उगवला नाही! दिवस नाही, यज्ञ नाहीत, देवांना हविर्भाग नाही. देव घाबरून अनसूयामातेकडे आले. अनसूयेने त्या बाईची समजूत घातली, तुझ्या पतीला मी पुन्हा उठवते, तू सूर्याला मोकळे कर. ती हो म्हणाली. दहा दिवसांच्या त्या लांब रात्रीत अनसूयेने अर्घ्य हाती घेऊन सूर्याला बोलावले, आणि लालबुंद बिंब वर आले. कौशिक पडला, पण अनसूयेच्या पुण्याईने नवा निरोगी देह घेऊन उठला. संतुष्ट झालेल्या देवांकडे मातेने वर मागितला, ब्रह्मा-विष्णू-महेश माझ्या पोटी यावेत. सोम, दत्त आणि दुर्वास ही तीन मुले त्या वराची.

म्हणजे या पुराणाप्रमाणे दत्तजन्माचे निमित्तच मुळी एक अडलेला सूर्योदय आहे. आणि तो सोडवला कशाने? ओंजळभर अर्घ्याने. मला वाटते, सूर्याशी कसे वागावे याची या घराची रीत इथे पुरती दिसते. अर्घ्य देताना मान किंचित लवलेली असते, नजर पाण्याच्या धारेवर असते, मन सूर्याकडे असते. गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात आचारधर्म सांगितला आहे. पहाटे उठण्यापासून स्नान, संध्या, सगळे बारीकसारीक तपशिलाने आले आहे. इतक्या बारीक विवेचनात सूर्यबिंबावर टक लावण्याचा विधी असता, तर तो तिथे आल्यावाचून राहिला नसता.

"पण सर, शास्त्रात नाही म्हणजे मनाई आहे असं थोडंच?" असे आमच्या मंडळातील एकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. तर मनाई आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम आहेत. त्यात उगवत्या सूर्याकडे, मावळत्या सूर्याकडे, ग्रहण लागलेल्या सूर्याकडे, पाण्यात पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे आणि माथ्यावरच्या सूर्याकडे पाहू नये असे स्पष्ट सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात सूर्याकडे सतत पाहू नये असे आहे. स्मृतीतल्या सगळ्याच गोष्टी आपण आज पाळत नाही, पाळूही नयेत. पण ही सूचना धर्मशास्त्र आणि आयुर्वेद या दोघांनीही दिली आहे, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचा उल्लेख तर मला विशेष वाटतो. सिद्धेश्वर तलावावर सूर्य टेकलेला असताना पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप आठवून पाहा. किरण जितके तिरपे, तितके पाण्यावरून जास्त परतून येतात. ज्याने तो नियम लिहिला त्याने तळ्याकाठी उभे राहून हे पाहिले असणार.

सुश्रुताचे तर मला नवल वाटते. उत्तरतंत्राच्या सातव्या अध्यायात दृष्टी जाण्याची कारणे देताना त्याने एक वेगळा प्रकार सांगितला आहे. देव, ऋषी, गंधर्व, महानाग यांच्या दर्शनाने, तसेच अतितेजस्वी वस्तू पाहिल्याने दृष्टी नष्ट होते, आणि त्यात डोळा मात्र बाहेरून स्वच्छ, वैडूर्य रत्नासारखा निर्मळ दिसतो. बाहेरून डोळा चांगला, आतून दृष्टी गेलेली! आजचे नेत्रतज्ज्ञ सूर्याने होणाऱ्या इजेचे वर्णन करतात ते जवळजवळ हेच.

आता संध्येत उपस्थान आहे, हात वर करून सूर्यासमोर उभे राहतात, त्याचे काय? दक्षिणेकडील यजुर्वेदी घरांतून माध्यान्हसंध्येत बोटे गुंफून त्यांच्या फटीतून सूर्य पाहतात, तेही मी पाहिले आहे. पण तो निमिषभराचा दृष्टिक्षेप असतो, फट केवढीशी असते, आणि त्या वेळी जो मंत्र म्हणतात त्यात शंभर वर्षे आम्हाला पाहता यावे अशी प्रार्थना आहे. चाक्षुषोपनिषदातही सूर्याची प्रार्थना आहे ती डोळ्यांचे रोग जावेत म्हणून. सूर्याकडे डोळे मागायचे असतात, वाचकहो. सूर्यासमोर उभे राहणे वेगळे आणि सूर्याशी नजर लढवणे वेगळे.

त्राटक हा शब्द मात्र खरा जुना आहे. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत आणि घेरण्डसंहितेत ते षट्कर्मांपैकी एक म्हणून आले आहे. दोन्ही ठिकाणी लक्ष्य कसे असावे हे सांगितले आहे: सूक्ष्म. बारीकसा बिंदू, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंतच. सूर्य हे सूक्ष्म लक्ष्य कुठल्या अर्थाने? पतंजलींच्या विभूतिपादात सूर्यावर संयम केल्याने भुवनांचे ज्ञान होते असे सूत्र आहे, त्याचा दाखला हल्ली फार दिला जातो. पण व्यासभाष्याने तिथे सूर्यद्वार असा शब्द घेतला आहे आणि वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ सुषुम्ना नाडी असा लावला आहे. काही टीकाकार आकाशातला सूर्यच घेतात, हेही खरे. तरी संयम म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी. त्यात बाहेरच्या डोळ्यांना काम कमीच. ईशोपनिषदातला ऋषी तर पूषन्‌ला विनवतो, तुझ्या सोन्याच्या झाकणाने सत्याचे मुख झाकले आहे, ते दूर कर, तुझे किरण आवरून घे. म्हणजे त्या तेजाने मागचे काही दिसत नाही ही त्याचीच तक्रार आहे. आणि विश्वरूपाच्या वेळी, जिथे संजयाला हजार सूर्यांची उपमा सुचली, तिथे भगवंतांनी अर्जुनाला आधी दिव्यदृष्टी दिली. चर्मचक्षूंनी हे होणार नाही, असे स्वतः सांगून.

आता शाळेतल्या फळ्यावर येऊ. शिक्षकाची सवय, इलाज नाही.

भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी लहानपणी केला आहे. आपल्या डोळ्यातही तसेच भिंग आहे. आकाशात सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाएवढे, आणि डोळ्याच्या पडद्यावर त्याची प्रतिमा पडते ती साधारण एक-षष्ठांश मिलिमीटरची. खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. पण आपण टक लावतो तेव्हा ती प्रतिमा नेमकी पीतबिंदूच्या मध्यावर पडते. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे, हे सगळे त्या इवल्याशा जागेवर चालते. सूर्याने तिथे होणारी इजा ही कागदासारखी जळण्याची बहुधा नसते. प्रखर प्रकाशाने, विशेषतः त्यातल्या निळ्या भागाने, पेशींत रासायनिक बिघाड होतो. आणि पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. तापल्या तव्याला बोट लागले की हात आपोआप मागे येतो, इथे तसे काही होत नाही. मला तर काहीच त्रास होत नाही, उलट छान वाटते, असे करणारे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. पण दुखत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नव्हे. परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवतो. रोज थोडे थोडे होत गेले, तर लवकर लक्षातही येत नाही.

"पण आम्ही कोवळं ऊन बघतो ना!" हे मी शंभरदा ऐकले आहे. त्यातही तथ्य आहे. क्षितिजावरचा लाल सूर्य हवेच्या जाड थरातून येतो, निळा प्रकाश वाटेत विखुरतो, तेज पुष्कळ कमी होते. त्याच्याकडे सहज नजर गेली, नमस्कार झाला, याने कोणाचे डोळे जात नाहीत. पण सूर्य थांबतो का? दत्तजयंतीच्या सुमारास आपल्या सोलापुरात पावणेसातच्या आसपास सूर्य उगवतो आणि चव्वेचाळीस मिनिटांत तो साधारण दहा अंश वर चढलेला असतो. हात लांब करून मूठ धरा, ती मूठ साधारण दहा अंश भरते. क्षितिजावर एक मूठ ठेवा आणि तिच्या वरचा सूर्य साडेसात वाजता पाहण्यासारखा असतो का, हे तुम्हीच ठरवा. त्यात आपला मुलूख कोरडा आणि उघडा. कोकणातल्यासारखी दमट हवा नाही, डोंगराचा आडोसा नाही. पावसाळ्यानंतर हवा धुऊन निघाली की इथला सूर्य उगवताच डोळ्यांवर येतो.

आमच्या पारायण मंडळातील एका गृहस्थांचे सांगतो. नाव देत नाही, त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. यंत्रमागावर आयुष्य गेले. तुटलेला धागा लांबून दिसायचा अशी नजर. मोबाइलवर पाहून त्यांनी ही साधना सुरू केली आणि बावीस मिनिटांपर्यंत आणली. दत्तजयंतीच्या सप्ताहात नेहमीप्रमाणे गुरुचरित्र वाचायला बसले, आणि दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ओळ दिसतीय, पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेवढंच उडालंय बघा. बाजूचं सगळं दिसतंय." मी त्यांना मुलांच्या गणिताच्या वहीचे चौकटीचे पान दाखवले. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायला सांगितले. उजव्या डोळ्याने मधल्या रेघा वाकलेल्या आणि एक चौकट नाहीच. सप्ताह अर्धा सोडून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. पडद्याची ओसीटी नावाची तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूला इजा, उजव्यात अधिक. यावर खात्रीचे औषध नाही, सूर्याकडे पाहणे ताबडतोब बंद करायचे आणि वाट पाहायची, काही जणांचे काही महिन्यांत बरेच सुधारते, काहींचा डाग कायम राहतो, असे डॉक्टरांनी सांगितले. आज वर्ष होत आले. डावा डोळा सुधारला आहे. उजव्यात तो ठिपका आहे तसाच आहे. यंदा अप्पा वाचनाला नाहीत, श्रवणाला आहेत. त्यांना पुष्कळ अध्याय पाठ आहेत म्हणून निभते. पण पोथीवर बोट ठेवून वाचायची चाळीस वर्षांची सवय, बोट अजून ओळीवरून फिरते.

अप्पांची श्रद्धा कमी होती असे कोणी म्हणू नये. त्यांच्याइतका निष्ठावंत माणूस आमच्यात नाही. म्हणून तर हे लिहावेसे वाटले.

वयस्कर मंडळींनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्यांना मधुमेह आहे त्यांचा पडदा आधीच नाजूक झालेला असू शकतो. मोतीबिंदू काढलेल्यांच्या डोळ्यातले जन्मजात भिंग गेलेले असते, जे काही घातक किरण अडवत असे. नवी कृत्रिम भिंगे ते काम पुष्कळ करतात, पण म्हणून सूर्याकडे पाहता येते असे नाही. दुसरे, आणि हे मला डोळ्यांहूनही गंभीर वाटते. सूर्यसाधनेने साखर उतरते म्हणून गोळ्या बंद केलेले एक जण मला भेटले. असे कृपा करून करू नका. उन्हातून जीवनसत्त्व ड मिळते हे खरे, पण ते त्वचेत तयार होते, डोळ्यात नाही. हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसा, पाठ सूर्याकडे करून बसलात तरी मिळते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात मात्र ते फारसे तयार होत नाही.

श्रीमद्‌भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजेच दत्तप्रभू, असे आपण मानतो. जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. त्या चोवीसांत सूर्य सातवा. सूर्याकडून अवधूत काय शिकला? सूर्य किरणांनी पाणी घेतो आणि वेळ आली की परत देऊन टाकतो, त्यात अडकत नाही. आणि भांडी वेगवेगळी असली तरी त्यांत पडलेला सूर्य एकच असतो. बस्स. घेतलेले सोडावे आणि अनेकात एक ओळखावे. सूर्याच्या तेजातून स्वतःसाठी काही मिळवावे, भूक मारावी, शक्ती साठवावी, असे त्यात काही नाही. आणि आणखी चार गुरू पुढे गेले की अकरावा येतो पतंग. दिव्याच्या रूपावर भुलून झेप घेणारा. मूळ संदर्भ रूपाच्या मोहाचा आहे, हे खरे. तरी ज्या यादीत सूर्य गुरू आहे त्याच यादीत डोळ्यांच्या वाटेने नाश पावणारा पतंगही गुरू आहे, हे मला दर पारायणाला थांबवते.

तर मग करावे काय? अर्घ्य द्यावे, हे तर आलेच. काही जण पाण्याच्या धारेतून सूर्य पाहतात. ती धार म्हणजे काही गडद काच नव्हे, तेव्हा नजर धारेवर ठेवावी, धारेपलीकडे रोखू नये. कोवळ्या उन्हात पूर्वेकडे तोंड करून डोळे मिटून गायत्री किंवा दत्तनाम घ्यावे. मिटल्या पापण्यांतून जो केशरी उजेड जाणवतो तो ध्यानाला पुरेसा असतो, माझा तरी तसा अनुभव आहे. सूर्यनमस्कार तर औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घराघरात नेले. त्यातही सूर्य मनात असतो, डोळे जमिनीकडे आणि आकाशाकडे येरझाऱ्या घालतात. गुडघ्यांची तक्रार असेल त्यांनी दोन नमस्कार घालावेत, बाराचा हट्ट नको. रथसप्तमीला अंगणात रथ काढून दूध उतू घालणाऱ्या आमच्या आई-आजींनीही सूर्याची पूजा केली ती रांगोळीतल्या सूर्याची.

कोल्हापूरचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीवर ३१, १ आणि २ या तारखांना मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून अंबाबाईच्या चरणांपासून वर चढतात. हवेत धूळ-ढग नसले तर मुखापर्यंत पोचतात. त्या वेळी मंदिरात कोणी सूर्याकडे पाहत नाही. सूर्य सगळ्यांच्या पाठीशी असतो. आणि तरी त्याहून सुंदर सूर्यदर्शन मी केलेले नाही.

ग्रहणाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगून ठेवतो. धूर धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतले पाणी, दोन-तीन काळे चष्मे एकावर एक, यांतले काही चालत नाही. ग्रहणासाठी प्रमाणित केलेला चष्मा किंवा वेल्डिंगची १४ नंबरची काच, एवढेच. नातवंडांना आवरणे आपले काम.

ज्यांना त्राटकच करायचे आहे, त्यांना समईची किंवा निरांजनाची ज्योत आहे. हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीत, वारा नसलेल्या खोलीत, पाणी येऊ लागले की डोळे मिटून ती ज्योत भ्रूमध्यात पाहायची. काचबिंदू असेल किंवा फिट येण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि आकाशातलेच बिंब हवे असेल तर अत्रींच्या घरातला दुसरा मुलगा आहे. सोम, म्हणजे चंद्र, दत्तप्रभूंचा सख्खा भाऊ. पुराणे त्याला अत्रींच्या नेत्रांतून जन्मलेला म्हणतात आणि अवधूताच्या चोवीस गुरूंत तो सूर्याच्या अगदी आधी, सहावा आहे. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य साधारण चार लाख पट तेजस्वी आहे, तेव्हा चंद्राकडे तासभर पाहिले तरी डोळ्याला काही होत नाही.

दत्तजन्म मार्गशीर्ष पौर्णिमेचा, आणि तोही प्रदोषकाळचा. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. यंदा पाळणा म्हणून झाला, सुंठवडा हातावर पडला की गर्दीतून वाट काढत मंदिराच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर या. समोरच्या घरांमुळे चंद्र वर यायला थोडा उशीर लागतो. अप्पांना मी तिथेच एक खुर्ची टाकून ठेवायला सांगितली आहे.